मामांची बेस गिटार आणि संग्राहकांचा भाव

गेल्या महिन्यात पुण्याहून एक गृहस्थ माझ्या घरी आले होते. जुन्या जपानी गिटारी जमवण्याचा त्यांना छंद आहे आणि माझ्याकडे असलेल्या मामांच्या बेस गिटारचे छायाचित्र त्यांच्या परिचयातल्या कोणीतरी त्यांना दाखवले होते. सोलापुरात रेल्वे लाइन्समधल्या आमच्या घरी, भर दुपारी, त्यांनी ती गिटार सतरंजीवर आडवी ठेवली, मानेमागची ‘मेड इन जपान’ कोरलेली पोलादी पट्टी भिंगातून पाहिली, पुढच्या पांढऱ्या पिकगार्डचे स्क्रू एकेक करून मोजले, त्यांतले दोन मूळचे नाहीत अशी वहीत नोंद केली, पिकगार्ड उचलून आतल्या वायरींवरचे सोल्डरचे डाग तपासले आणि शेवटी ऐंशी हजार रुपये देण्याची तयारी दाखवली. हा तपास जवळजवळ दीड तास चालला. अ‍ॅम्प्लिफायर खोलीच्या कोपऱ्यात होता, केबल मी आधीच काढून ठेवली होती. पण त्या दीड तासात त्यांनी गिटार एकदाही वाजवून पाहिली नाही.

ते गृहस्थ सज्जन होते आणि त्यांचे ज्ञान माझ्यापेक्षा कितीतरी अधिक होते, हे आधीच सांगितले पाहिजे. मी विचार करून कळवतो म्हणालो, ते चहा घेऊन स्टेशनकडे गेले आणि तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनातून हलत नाही. ज्या बेस गिटारी मुळात स्वस्त म्हणून बनवल्या गेल्या, स्वस्त म्हणून विकल्या गेल्या आणि पुष्कळदा नाइलाज म्हणून वाजवल्या गेल्या, त्यांना आज जो ‘संग्राह्य वस्तू’चा मान मिळतो आहे, तो त्यांना खरोखर शोभतो का?

आधी या गिटारविषयी. मामा सोलापुरातल्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात बेस वाजवत असत. गणेशोत्सवात, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, लग्नसराईत आणि क्वचित हुतात्मा स्मृती मंदिरातही त्यांचे कार्यक्रम होत. १९८२ साली मुंबईतल्या एका जहाजावरच्या माणसाकडून त्यांनी ही गिटार बाराशे रुपयांना वापरलेली घेतली. बाराशे रुपये म्हणजे त्यांचा सुमारे दोन महिन्यांचा पगार. मामींनी त्या व्यवहाराबद्दल त्यांना पुढची काही वर्षे माफ केले नव्हते. जपानमध्ये आणि अमेरिकेत जे वाद्य शाळकरी मुलांसाठीचे म्हणून विकले गेले असेल, ते सोलापुरात येईपर्यंत एका गिरणी कामगाराच्या आयुष्यातली, घरभाडे सोडले तर, सर्वांत मोठी खरेदी झाले होते. म्हणून ‘स्वस्त’ हा शब्द मी इथून पुढे वापरीन, पण तो कोणासाठी स्वस्त, हा प्रश्न मला कायम टोचत राहील.

गिटारच्या डोक्यावरचे नाव केव्हाच गळून पडले आहे. पुण्याच्या गृहस्थांचा अंदाज असा की ती टेइस्कोची, साठीच्या दशकाच्या उत्तरार्धातली असावी. टेइस्को ही टोकियोतली कंपनी. तिच्या गिटारी अमेरिकेत ‘टेइस्को डेल रे’ या नावाने आणि इतरही अनेक नावांनी विकल्या जात आणि १९६७ मध्ये ती कावाई या पियानो बनवणाऱ्या कंपनीने ताब्यात घेतली. माझ्या गिटारची बॉडी प्लायवुडची आहे. तारेचे कंपन टिपणारा पिकअप एकच आणि तोही सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचा. मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांना फ्रेट म्हणतात; इथे सुरुवातीला झिरो फ्रेट आहे, म्हणजे मोकळी तारसुद्धा फ्रेटवरच टेकते. मान सरळ राखण्यासाठी फिरवून घट्ट-सैल करता येणारा ट्रस रॉड नाही, नुसता पोलादी गज बसवलेला आहे. कंपन पावणाऱ्या तारेची लांबी तीस इंच आहे. फेंडर या अमेरिकन कंपनीच्या प्रसिद्ध बेसची चौतीस असते.

या चार इंचांचे महत्त्व वाजवणाऱ्यालाच कळते. तार तीच आणि सूरही तोच ठेवला, तर ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे तीस इंचांवर तो चौतीस इंचांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी कमी असतो. बोटांना हे सुखाचे वाटते, लहान हातांना तर फारच, पण सर्वांत जाड ई तार मात्र ढिली पडते आणि तिचा स्वर स्पष्ट उमटण्याऐवजी गोळा होऊन येतो. बेसची ई म्हणजे सेकंदाला सुमारे ४१ कंपने. इतक्या खालच्या स्वराला नीट आकार देणे हेच या वाद्याचे मुख्य काम, आणि स्वस्त बेस बहुतेक वेळा नेमक्या याच कामात कमी पडते.

आता मूळ प्रश्न. भाव का चढतात, याची कारणे मी जितकी समजून घेतली, तितके मला जाणवत गेले की जुन्या स्वस्त बेसच्या नावाखाली अगदी वेगवेगळ्या वस्तू एका पोत्यात घातल्या जात आहेत.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनमध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली. उभ्या डबल बेसला फ्रेट नसतात. हिला असल्यामुळे स्वर अचूक लागत, म्हणून नाव प्रिसिजन. ती स्वस्त नव्हती, आणि तिच्या आसपास जे सगळे पुढे उभे राहिले ते ती परवडत नसलेल्या लोकांसाठी. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीने फेंडर कंपनी १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली आणि वाजवणाऱ्यांमध्ये ‘सीबीएसच्या आधीची’ आणि ‘नंतरची’ अशी विभागणी कायमची रूढ झाली. सत्तरच्या दशकातल्या फेंडर बराच काळ दुय्यम समजल्या जात आणि वापरलेल्या बाजारात कमी पैशांत मिळत. आज त्यांनाही विंटेज म्हणतात आणि तसेच भाव सांगतात. त्यांच्यात मधल्या काळात काही सुधारणा झाली नाही. त्यांच्याहून जुन्या गिटारी आवाक्याबाहेर गेल्या, म्हणून लोक एक पायरी खाली उतरले. मामांच्या गिटारला आलेला भावही मला अशाच पायऱ्या उतरत आमच्या दारापर्यंत आलेला दिसतो. हे कारण खरे आहे, पण ते गिटारच्या गुणाविषयी काहीच सांगत नाही.

दुसरे कारण शब्दांच्या जादूचे आहे, आणि त्याविषयी मला जरा राग आहे. जुन्या जपानी गिटार विकणारे ‘लॉसूट एरा’ (खटल्यांचा काळ) हा शब्द सर्रास वापरतात, जणू त्या गिटारी इतक्या उत्तम होत्या की घाबरून अमेरिकन कंपन्यांनी कोर्ट गाठले. प्रत्यक्षात काय घडले? १९७७ मध्ये गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीची मालक असलेल्या नॉर्लिन कंपनीने इबानेझ गिटारी अमेरिकेत वितरित करणाऱ्या एल्गर कंपनीवर फिलाडेल्फियात दावा लावला. तो गिटारच्या डोक्याच्या आकाराबद्दल होता. इबानेझने तो आकार तोपर्यंत बदललाही होता, आणि पुढच्या वर्षी प्रकरण कोर्टाबाहेर मिटले. गुणवत्तेशी त्याचा संबंध नव्हता, फेंडरच्या नमुन्यावर बनलेल्या बेसशी तर नव्हताच. असे असताना एखाद्या साध्या प्लायवुडच्या बेसला हे बिरूद चिकटवून तिचा भाव दुप्पट सांगणे म्हणजे गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर केलेला व्यापार आहे. मामांच्या गिटारविषयी बोलताना पुण्याच्या गृहस्थांनी हा शब्द उच्चारला नाही, याबद्दल माझ्या मनात त्यांच्याविषयी आदर आहे.

मात्र जपानी वाद्यांमध्ये खरोखर मानाला पात्र असलेली वाद्ये आहेत आणि ती त्या शब्दाशिवाय उभी राहू शकतात. नागानो प्रांतातले मात्सुमोतो हे गाव या दृष्टीने विलक्षण म्हणावे लागेल. मात्सुमोकु आणि फुजिगेन हे दोन्ही कारखाने तिथलेच. मात्सुमोकुने आरिया प्रो टू आणि वेस्टोन या नावांची वाद्ये बनवली आणि १९८७ मध्ये ते बंद पडले. त्यांच्या एसबी मालिकेतल्या बेस ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडच्या जॉन टेलर यांनी मोठमोठ्या मंचांवर वाजवल्या. १९८२ मध्ये फेंडर जपानची स्थापना झाली तेव्हा काम फुजिगेनकडे गेले. ‘जेव्ही’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या क्रमांकांच्या, १९८२ ते १९८४ च्या, फेंडरच्याच ‘स्क्वायर’ या दुसऱ्या नावाच्या बेस त्या वेळी स्वस्त म्हणून विकायला काढल्या होत्या, पण कारागिरांनी त्या स्वस्तात उरकल्या नाहीत. अशी एक जेव्ही प्रिसिजन मी मुंबईत एका वादकाकडे तासभर वाजवली आहे. मान हातात घेतल्याबरोबर कळते की फ्रेटची टोके घासणाऱ्याने घाई केलेली नाही. अशा वाद्याला आज अधिक पैसे पडत असतील, तर ते माझ्या मते देण्याजोगे आहेत, कारण पहिल्या दिवशी त्याची जी किंमत लावली गेली तीच कमी होती.

आणि मग एक तिसरा प्रकार आहे, जो मला सर्वांत जवळचा वाटतो. काही स्वस्त बेस अशा आहेत की त्यांचा स्वर त्यांच्या स्वस्तपणातूनच जन्माला आला. अधिक पैसे खर्च केले असते तर तो स्वर मिळालाच नसता.

न्यू जर्सीच्या नॅथन डॅनियल यांनी डॅनइलेक्ट्रो कंपनीत हेच केले. लाकडाची चौकट करायची, तिच्यावर पुढून-मागून हार्डबोर्ड बसवायचा, आणि पिकअपची चुंबके व तारेचे वेटोळे लिपस्टिकच्या धातूच्या नळीत सरकवून द्यायचे. ऐकताना हे पोरखेळासारखे वाटते. पण त्या पोकळ चौकटीतून आणि त्या नळीतून जो टणत्कारयुक्त, हलका, स्वच्छ आवाज निघतो, तो भारी लाकडाच्या बेसमधून निघत नाही. त्यांनी १९५६ मध्ये काढलेली सहा तारांची बेस अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रणांत उभ्या डबल बेसच्या जोडीला, तारा किंचित दाबून वाजवली जाई, म्हणजे डबल बेसचा घुमारा खालून येई आणि स्वराची धार हिच्याकडून. तिथे तिला ‘टिक-टॅक बेस’ असे नावच पडले. डॅनइलेक्ट्रोच्या बहुतांश गिटारी सीअर्स या दुकानाच्या मार्फत सामान्य घरांत गेल्या. १९६९ मध्ये कारखाना बंद झाला. हार्डबोर्डच्या या बेसची आज कोणी काळजीपूर्वक जपणूक करत असेल, तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

हॉफनर या जर्मन कंपनीची गोष्ट तर सर्वांना माहीत आहे, तरी तिचा एक पैलू पुन्हा सांगण्यासारखा आहे. हॉफनर कुटुंब व्हायोलिन बनवणाऱ्यांच्या परंपरेतले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांना शोनबाख हे आपले मूळ गाव सोडून बव्हेरियात यावे लागले. १९५६ च्या सुमारास त्यांनी बेस गिटार बाजारात आणली, तेव्हा त्यांनी आपल्या हातांना जे येत होते तेच केले: व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ, वजनाने हलकी बेस. बीटल्सच्या पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये ती सुमारे तीस पौंडांना घेतली. फेंडरसाठी शंभराच्या आसपास पौंड लागत आणि ते त्यांच्यापाशी नव्हते, हे त्यांनीच सांगितलेले आहे. शिवाय ते डावखुरे, आणि दोन्ही बाजूंनी सारखी असल्यामुळे ही गिटार उलटी धरली तरी विचित्र दिसत नसे. पुढे त्यांनी त्या गिटारवर जे केले ते जगाने ऐकले. तिचा स्वर लांबत नाही. तो उमटतो, गोल होतो आणि लगेच विरतो, आणि त्यामुळे वाजवणाऱ्याला पुढच्या स्वराकडे जावेच लागते. तिच्यावर त्या चालत्या, गाणाऱ्या ओळी सुचाव्यात यात मला तरी आश्चर्य वाटत नाही. १९७२ मध्ये लंडनमध्ये चोरीला गेलेली तीच गिटार परत मिळाल्याचे फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, तेव्हा मी ती बातमी मामींना वाचून दाखवली होती. “तीस पौंड म्हणजे किती रे?” एवढेच त्यांनी विचारले.

आमच्या सोलापूरकडे वाद्याची किंमत करण्याची एक जुनी रीत आहे आणि ती मला या सगळ्या चर्चेत फार उपयोगी वाटते. भजनी मंडळांत आजही जर्मन सुरांच्या पेटीला मान आहे. नवी पेटी घेतली तर तिचे सूर बहुधा गुजरातेतल्या पालिताण्याकडचे असतात आणि त्यांतही चांगले असतात. तरीही एखाद्या जुन्या घरातली जर्मन किंवा पॅरिस सुरांची पेटी विकायला निघाली की जाणकार तिच्यासाठी जास्त पैसे मोजतात. पण मोजण्याआधी काय करतात? भाता ओढतात. मंद्र सप्तकात सूर दाबून धरतात, भाता अगदी हळू करतात आणि सूर डगमगतो का ते ऐकतात. लाकडाला वाळवी लागलेली असली, पट्ट्या पिवळ्या पडलेल्या असल्या, तरी सूर खरा असेल तर सौदा होतो. आमच्याच जिल्ह्यात पंढरपूरकडे तंबोऱ्यांसाठी जे भोपळे पिकतात, ते मिरजेला जातात आणि तिथेही वाद्याची पारख जवारी ऐकूनच होते. जुनेपणाला किंमत आहे, पण ती कानाच्या रस्त्याने येते. बेस गिटारच्या बाबतीत ती भिंगाच्या रस्त्याने आली, आणि माझा आक्षेप तेवढ्यावरच आहे.

जुने झाले म्हणजे वाद्य मुरते, असे पुष्कळ लोक म्हणतात. व्हायोलिनबद्दल किंवा सतारीबद्दल मी बोलणार नाही. पण घन बॉडीच्या बेसचा पिकअप चुंबकीय असतो. तो पोलादी तारेचे हलणे टिपतो, लाकडाचा नाद ऐकत नाही. प्लायवुडची बॉडी पन्नास वर्षांनीही प्लायवुडच राहते. जुन्या बेसमध्ये खरोखर सुधारणारी एकच गोष्ट मी अनुभवली आहे, ती म्हणजे मान. चार तारा मिळून सत्तर-ऐंशी किलोचा ताण ज्या लाकडावर अर्धशतक ओढलेला आहे, त्या लाकडाला जे वाकायचे ते वाकून झालेले असते. वाकले नसेल तर ते पुढेही सहसा वाकत नाही. आणि वाकले असेल, आत फिरवता येणारा ट्रस रॉड नसेल, तर ती गिटार भिंतीवर टांगण्याच्याच उपयोगाची. साठीच्या दशकातल्या स्वस्त जपानी बेस विकत घेणाऱ्याने भिंगाआधी एक सरळ पोलादी पट्टी जवळ ठेवावी आणि ती फ्रेटवर टेकवून पाहावी.

सोलापूरच्या हवेत ही परीक्षा आणखी कडक होते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, हवा कोरडी ठणठणीत होते आणि फिंगरबोर्डचे लाकूड रुंदीत आकसते. धातूचे फ्रेट मात्र होते तेवढेच राहतात. परिणामी त्यांची टोके दोन्ही कडांनी बाहेर येतात आणि मान वरखाली करताना तळहाताला करवतीसारखी लागतात. पावसाळा लागला की लाकूड पुन्हा थोडे फुगते आणि टोके आत जातात. मामा दरवर्षी मेमध्ये अगदी बारीक कानशीने ती टोके घासत, तीही जपून, कारण जास्त घासले तर पावसाळ्यात पश्चात्ताप होतो. मानेची लांबीतली सरळ रेषा मात्र त्यांच्या काळातही सुटली नाही आणि माझ्या काळातही नाही. या एका गोष्टीसाठी मी त्या अज्ञात जपानी कारागिराला मनापासून दाद देतो.

बाकी परीक्षेचा निकाल मी प्रामाणिकपणे सांगतो. पिकअप अशक्त आहे. ट्यूबलाइट चालू असली की तो घुरघुरतो. ई तारेवर खालचे स्वर एकमेकांत मिसळतात. इंडोनेशियात बनलेली, पंचवीस हजारांच्या आत मिळणारी एखादी नवी बेस यापेक्षा अधिक अचूक, अधिक शांत आणि अधिक सोयीची आहे. वाद्य म्हणून मामांच्या गिटारचे ऐंशी हजार होत नाहीत. पंधरासुद्धा होतील की नाही, मला शंका आहे.

पण तिच्या ब्रिजची, म्हणजे बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागाची, हकिकत सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होणार नाही. मूळ ब्रिजवर चारही तारांना मिळून एकच आडवी धातूची पट्टी होती. जाड तारेला ब्रिजपाशी थोडी अधिक लांबी द्यावी लागते; ती दिली नाही तर बाराव्या फ्रेटवर नेमका दुप्पट उंचीचा स्वर येण्याऐवजी तो चढा येतो. मामांची ई तार अशी चढी बोलत असे आणि राहुलदेव बर्मन यांच्याकडे टोनी वाझ यांनी वाजवलेले बेसचे तुकडे रेडिओवरून ऐकून बसवताना, वरच्या फ्रेटवर गेले की मामांना स्वतःचीच लाज वाटे. अखेर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागाचे सुटे भाग बनवणाऱ्या एका टर्नर अण्णांकडे ते गिटार घेऊन गेले. अण्णांनी आयुष्यात गिटार हातात धरली नव्हती. मामा एकेक स्वर वाजवून दाखवत आणि अण्णा, “अजून जरा मागं?” असे विचारत. दोन रविवार लागले. अण्णांनी लेथवर पितळेची चार वेगवेगळी सॅडल, म्हणजे एकेका तारेखालचे आधार, काढून दिली, प्रत्येकाला मागेपुढे सरकवण्यासाठी स्क्रू दिला आणि पैसे घेतले नाहीत, लग्नाच्या कार्यक्रमाला बोलावण्याचे वचन घेतले. त्या दिवसापासून ती गिटार सुरात आहे.

पुण्याच्या गृहस्थांच्या वहीत ही चार पितळी सॅडल ‘मूळ नसलेले भाग’ या मथळ्याखाली गेली आणि त्यांच्यापायी त्यांनी भावातून वीस हजार वजा केले. ती नसती तर एक लाख, असे ते म्हणाले. म्हणजे बेसुरी गिटार एक लाखाची आणि सुरात असलेली ऐंशी हजारांची. संग्राहकांच्या नियमांत हे बरोबर असेलही. अमेरिकन वाद्यांत तर ते आतल्या पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या खुंटीच्या भागावर, छापलेला आकडा वाचतात. १३७ ने सुरू झाला तर सीटीएस कंपनीचा, पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात, आणि तो पॉट बदललेला निघाला तर किंमत घसरते, मग जुना पॉट कितीही खरखरत असो. इतिहास जपण्यासाठी हे ज्ञान फार मोलाचे आहे, हे मी मान्य करतो. पण वाद्याचा इतिहास कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर थांबतो, असे मानायला मी तयार नाही. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियस यांची फेंडरची १९६२ ची जॅझ बेस हे मोठे उदाहरण आहे. वापरलेली, सुमारे नव्वद डॉलरना घेतलेली ती गिटार. फ्रेट काढलेली, खाचा बुजवलेली, वरून बोटींना लावतात त्या इपॉक्सीचा थर दिलेली. संग्राहकाच्या वहीत तिच्यासमोर केवढ्या फुल्या पडल्या असत्या! आणि आज फ्रेटलेस बेस म्हटले की याच गिटारचा स्वर कानांत येतो.

आणखी एक गोष्ट मला अस्वस्थ करते. जपानी नकलांना आता संग्रहात जागा मिळाली, मग आपल्याकडच्या नकलांचे काय? गिवसन आणि हॉबनर या भारतीय नावांत गिब्सन आणि हॉफनर सरळ ऐकू येतात. परदेशी वाद्य आणणे सामान्य माणसाच्या हाती नव्हते, त्या काळात अशाच देशी वाद्यांवर गावोगावचे ऑर्केस्ट्रा उभे राहिले. त्यांच्या बेस मी वाजवल्या आहेत; माना जाड, तारा उंच, बोटांना फोड आणणाऱ्या. त्या उत्तम होत्या असे मी म्हणत नाही. तरी त्या कोणी बनवल्या, कोणत्या लाकडाच्या, पिकअपची वेटोळी कुठे गुंडाळली जात, याची नोंद आज कोणी केली नाही, तर ती पुढे होणार नाही, कारण बनवणारे हात थकत चालले आहेत. एखाद्या संग्राहकाने भिंग आणि वही घेऊन इकडे वळावे, असे मला फार वाटते. इथे त्या वहीचे काम खरे आहे आणि इथे अजून कोणी भाव लावायला आलेले नाही.

मी गिटार विकली नाही. पुण्याच्या गृहस्थांना तसे फोनवर कळवले, कारणही सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि मग एकच विचारले की मूळची आडवी पट्टी फेकून तर दिली नाही ना. तेव्हा मला आठवले आणि मी माळ्यावरची मामांची पत्र्याची डबी काढली. तिच्यात ती पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळलेली होती, सोबत तिचे दोन जुने स्क्रू होते. मी छायाचित्र पाठवले. त्यावरून त्यांनी दुसऱ्या दिवशी मला सविस्तर लिहून कळवले की अशी पट्टी त्यांनी टेइस्कोच्या इतर दोन बेसवर पाहिली आहे, त्यामुळे त्यांचा पहिला अंदाज आता अधिक पक्का झाला आहे. मामांची गिटार कुठे जन्मली असावी, हे मला इतक्या वर्षांनी त्यांच्यामुळे कळले आणि त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

गिटार सध्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका मुलीकडे आहे. ती महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षात शिकते, तिचे हात लहान आहेत आणि चौतीस इंची मानेवर तिची करंगळी पोहोचत नव्हती; तीस इंचांवर पोहोचते. तिला तारा गुळगुळीत, म्हणजे फ्लॅटवाउंड हव्या आहेत. छोट्या लांबीच्या तशा तारा सोलापुरात मिळत नाहीत, म्हणून मुंबईला सांगितले आहे. तारा जाडीला बदलल्या की सॅडल पुन्हा लावावी लागतील. शिवाय मे जवळ आला आहे आणि फ्रेटची टोके तिच्या हाताला लागू लागली आहेत. येत्या रविवारी ती गिटार घेऊन घरी येणार आहे. मामांची कानस मी तेल लावून बाहेर काढून ठेवली आहे.